रेघोट्यांचा तास

“पायानं अक्षर लिहायचं? माझ्या नातीनं?”

नाना गुरुजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नातीच्या सुजलेल्या घोट्याकडे आणि शेवटी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे. आम्ही तिघांनी मिळून परीक्षेत कॉपी केली असावी, अशी ती नजर होती. नात टेबलावर पाय लोंबते सोडून बसली होती आणि हसू दाबत होती.

“मित्रा, उतर खाली,” नाना तिला म्हणाले. “आपण डॉक्टरांकडून प्लास्टर घालून घेऊ.”

ज्या प्लास्टरशी मी दोन दिवस भांडत होते, ते असं मागच्या दारानं परत आलं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी धुळ्यात एका हाडांच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. हा शब्द तेव्हा गावात कोणाच्या तोंडात बसत नसे. पेंटरने माझ्या खोलीवर ‘फिजूथेरपी’ अशी पाटी रंगवली होती. पुढचं काम वॉर्डबॉयने केलं. तो पेशंटला सांगायचा, “जिन्याखाली जा, फिजूल थेरपीत.” लोक यायचे ते शेकायला. व्यायाम सांगितला की त्यांचा चेहरा पडायचा. हॉस्पिटलात येऊन आपणच मेहनत करायची, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटे.

संघमित्रा, घरात मित्रा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईवडील साक्रीकडच्या गावात राहायचे. शिक्षणासाठी ती धुळ्यात पाचव्या गल्लीत आजोबांकडे होती. आजोबा म्हणजे नाना, निवृत्त प्राथमिक शिक्षक. मित्रा खो-खो खेळायची, आणि नुसती खेळायची नाही. तिच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक सांगत, ही पोरगी पळताना धरायची असेल तर आदल्या दिवशीच निघायला हवं. राज्य स्पर्धेसाठी विभागाचा संघ निवडायचा होता, चाचणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि सरावात खुंटाला वळसा घालताना तिचा उजवा पाय आत मुरगळला. घोटा वांग्यासारखा झाला, आकारानं आणि रंगानंही.

एक्स-रेत हाड शाबूत होतं. ताणलं होतं ते लिगामेंट. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारी चिवट पट्टी. अशा पायाला तेव्हा सरसकट प्लास्टर पडे. आमच्या सरांचं, म्हणजे हॉस्पिटलच्या सर्जनांचं, प्लास्टर तर बघत राहावं असं. गुळगुळीत, बोटांपाशी सुबक दुमड. ते काढल्यावरही लोक घरी नेऊन ठेवायचे.

“घाला प्लास्टर,” सर म्हणाले.

“सर, चाचणी जाईल.”

“पाय महत्त्वाचा की चाचणी?”

“पायासाठीच म्हणते. आता परदेशात वेगळं छापून येतंय. पूर्ण तुटलेलं नसेल तर बांधून ठेवण्यापेक्षा लवकर हलवलेला घोटा लवकर कामाला लागतो. मुंबईहून मैत्रिणीनं झेरॉक्स पाठवल्यात. तुमच्या टेबलावर ठेवल्या होत्या.”

“त्या वाचायच्या होत्या होय?” सर म्हणाले. त्यांनी त्यावर चहा ठेवला होता. पण माणूस सरळ होता. त्यांनी स्वतः घोटा पुन्हा दाबून, हलवून बघितला. “लिगामेंट धरून आहे. ठीक. करा तुमचं. सूज उतरली नाही तर माझं प्लास्टर. आणि पेशंटच्या घरच्यांना तुम्ही सांगायचं.”

घरचे म्हणजे नाना. त्यांना मी सांगितलं की बर्फ, पट्टी, पाय उशीवर आणि मग हळूहळू हालचाल.

“प्लास्टर नाही?”

“नाही.”

“मग एसटीत हिला जागा कोण देणार?”

मुद्दा खरा होता. प्लास्टर असलं की बसमध्ये अख्खा बाक रिकामा होतो. कंडक्टरसुद्धा ‘सावकाश’ म्हणतो. पट्टीकडे कोणी ढुंकून बघत नाही. तरी नाना तेवढ्यापुरते तयार झाले. सूज उतरू लागली, आणि मी व्यायामाला सुरुवात केली. तिथे गाडी अडली.

व्यायाम साधा होता. पाय अधांतरी ठेवायचा, अंगठा म्हणजे पेन समजायचं आणि हवेत एकेक अक्षर काढायचं. जगभर देतात हा व्यायाम. नुसतं ‘पाय गोल फिरव’ म्हटलं तर पेशंट जिथे दुखत नाही तिथेच फिरवतो. अक्षर काढताना मात्र घोट्याला वर, खाली, आत, बाहेर सगळीकडे जावंच लागतं. शिवाय ज्ञ आला की पेशंटला कळतं, संपलं.

मला वाटलं, नानांचं म्हणणं मला समजलं. मी समजुतीच्या सुरात म्हणाले, “गुरुजी, विद्येला पाय लागतो म्हणताय ना? आधी सरस्वतीला नमस्कार करून सुरू करू या.”

नाना हसले. “ताई, आमच्या घरात सरस्वतीचा फोटो नाही. आम्ही बौद्ध. पापपुण्याचं मी बोलतच नाहीये.”

“मग?”

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. “माझ्या वडिलांना शाळेत आत घेत नव्हते. ओट्याच्या खाली, बाहेर बसायचे. पाटी नव्हती. आतून ऐकू येईल ते अक्षर मातीत बोटानं काढायचे. तास संपला की मास्तर बाहेर येऊन सांगायचे, पूस ते. मास्तर स्वतः पायानं पुसायला निघाले की वडील आडवे यायचे आणि हातानं पुसायचे. एवढंच सांगितलं मला त्यांनी शाळेबद्दल. त्यावर मी मास्तर झालो.” मग नातीकडे बघून म्हणाले, “आणि ही पायानं क काढणार?”

मित्राचं हसू गेलं होतं.

मी चाचपून बघितलं. “इंग्रजी ए बी सी डी?”

“इंग्रजी शिकायला तर मी सायकलवरून किती गावं पालथी घातली, विचारू नका.”

“आकडे? एक, दोन, तीन?”

“गणित हा माझा आवडता विषय.”

“नाना, मग मी काय काढू? जिलेबी?” मित्रा वैतागली.

“अन्न आहे ते,” नाना म्हणाले, आणि स्वतःच किंचित ओशाळले. कारण हे जरा जास्त झालं, हे त्यांनाही कळलं.

त्या दिवशी तिला मी नुसता पाय गोल फिरवायला लावला. अपेक्षेप्रमाणे तिने जिथे दुखत नाही तिथे फिरवला. दारातून डोकावून सरांनी विचारलं, “काय मॅडम, प्लास्टर भिजवू का?”

दुसऱ्या दिवशी नाना आले ते काखेत पाटी घेऊन. खरी, दगडी, लाकडी चौकटीची पाटी. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. पाटीवर स्वच्छ वळणात काढलं होतं: एक उभी रेघ, एक आडवी, एक तिरकी, डावा अर्धगोल, उजवा अर्धगोल, एक पूर्ण गोल, एक गाठ आणि एक आकडी.

“हे काय?”

“पहिलीतल्या मुलाला मी कधी एकदम क देत नव्हतो. आधी आठवडाभर हे. याच्यावर हात बसला की मग अक्षर. ताई, हे अक्षर नाही. हे अक्षराचं सामान आहे. कुंभार मातीत पाय घालतो, मडक्यात नाही घालत.”

मी पाटीकडे बघत राहिले. डावा अर्धगोल म्हणजे पाऊल आत वळणं, उजवा म्हणजे बाहेर. उभी रेघ म्हणजे वर-खाली. गाठीत तर सगळंच. अक्षरमालेसारखं उगाच पुन्हा पुन्हा येणारं काही नाही, मोजक्या आठ आकारांत घोट्याच्या सगळ्या दिशा. मी म्हणाले, “गुरुजी, हे माझ्या व्यायामापेक्षा नीटनेटकं आहे.”

“पण एक अट,” नाना म्हणाले. “दोन आकार जोडायचे नाहीत. जोडले की अक्षर होतं.”

आणि तास सुरू झाला. तास हाच शब्द. नानांनी कोपऱ्यातली खिडकीचा पडदा सरकवायची काठी घेतली आणि मित्राच्या पायासमोर खुर्ची टाकून बसले.

“उभी रेघ. वरून खाली. वरून खाली म्हटलं, खालून वर नाही. हां. डावा अर्धगोल. अडतेय का? अडू दे, जाऊ दे तिथपर्यंत. आता पूर्ण गोल. उभी रेघ. थांब! थांब, काय केलंस?”

“काय केलं?”

“गोलाला लागूनच उजवीकडे रेघ ओढलीस. व झाला.”

“नाना, हवेत काढलाय तो.”

“हवेत काढला म्हणून काय? झाला तो झाला. पूस.”

“हवेतला कसा पुसू?”

नाना विचारात पडले. हा प्रश्न त्यांच्या नोकरीत आला नसावा. मग म्हणाले, “हातानं पूस.”

आणि माझ्या देखत त्या पोरीनं टेबलावरून पुढे वाकून, पायाच्या अंगठ्यासमोरची हवा पंज्यानं दोनदा पुसली. चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मला तिथे पहिल्यांदा वाटलं, ही चाचणीला पोचणार.

त्या दिवसानंतर खोलीत ‘ट झाला’, ‘र होतोय बघ’, ‘गाठीला शेपूट फोडू नको’ असे आवाज ऐकू येऊ लागले. पाचव्या-सहाव्या दिवशी नानांनीच मला सांगितलं, “ताई, डावा अर्धगोल आता निम्म्यापेक्षा पुढे जातोय.” मी कोनमापक लावून बघितलं. खरं होतं.

हळूहळू बाकीचे पेशंट त्यात ओढले गेले. रावेरचा एक ट्रकड्रायव्हर होता. केळीच्या घडांवरून घसरून त्याचा घोटा मोडला होता आणि प्लास्टर निघाल्यावर पाय लाकडासारखा झाला होता. माझा एकही व्यायाम तो करत नसे. नानांनी त्याला एकदा बाकावर बसलेला बघितला आणि काठीनं खूण केली. “तुम्ही. पाय वर. तिरकी रेघ.”

“गुरुजी, मी चौथीत शाळा सोडली ती या रेघोट्यांपायीच,” तो म्हणाला. पण पाय वर केला. नानांच्या आवाजात तसं काहीतरी होतंच. बँकेतल्या एक बाई होत्या, त्यांचंही तेच झालं. आठवड्याभरात माझ्या खोलीत एका ओळीत चार पाय अधांतरी असायचे आणि समोर काठी.

अशा वेळी एकदा सर राउंडवरून सरळ आत शिरले. “हे काय चाल—”

“वर्ग चालू असताना विचारून आत यावं,” नाना पाठमोरेच म्हणाले.

आमचे सर जिल्ह्यातले नावाजलेले सर्जन. ते दोन पावलं मागे गेले, दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “येऊ का?” नंतर त्यांनी मला सांगितलं, “मॅडम, तोंडातून निघूनच गेलं हो.”

घोटा हलू लागला की पुढचं काम असतं ते त्याला शहाणं करण्याचं. आपण खाली न बघता चालतो, कारण पाय कुठे आहे, किती कललाय हे घोटा सतत मेंदूला कळवत असतो. लिगामेंट ताणलं की ही खबर उशिरा पोचते, म्हणून मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. यावर त्या काळात बराच अभ्यास होत होता आणि उपाय होता डगमगती फळी. गोल फळी, खाली मधोमध लाकडी अर्धा चेंडू. तिच्यावर एका पायानं उभं राहायचं. धुळ्यात ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मी चित्र काढून एका सुताराला दिलं.

चार दिवसांनी तो सुंदर, चकचकीत पॉलिश केलेला गोल पाट घेऊन आला. खाली चार पाय.

“दादा, हे काय?”

“बाई, तुम्हनं चित्र चुकेल व्हतं. ती फळी हालस. कोनी उभं ऱ्हायनं ते पडी जाई. म्हनीसन मी खाले चार पाय लाई दिनात.”

“पण ती हलायलाच हवी.”

“हालाले जोयजे?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “ते मंग सुतार कसाले जोयजे?”

खूप समजावल्यावर त्याने चार पाय काढून अर्धा चेंडू बसवला. देताना इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, “मनं नाव कोनलेच सांगानं नई.” मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्या फळीवर मित्रा पहिल्या दिवशी पडली, दुसऱ्या दिवशी पडली, मग उभी राहिली. मग डोळे मिटून उभी राहिली. मग मी हॉस्पिटलच्या आवारात तिला सावकाश पळवलं, आठाच्या आकड्यात. आठाला नानांनी हरकत घेतली नाही. पळणं पायाचंच काम, म्हणाले.

चाचणी जळगावला होती. मी रजा काढून गेले. तिच्या पायाला पट्टी मीच बांधायची होती, म्हणून. एसटीत नानांना आणि मला जागा मिळाली. मित्रा धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत उभी होती.

मैदानावर निवड समितीतले एक गृहस्थ होते. सफारी, गळ्यात शिट्टी, आवाज भारदस्त. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की या मुलीचा पाय मुरगळला होता. त्यांनी तिला रांगेतून बाजूला काढलं. आम्ही पुढे झालो.

“प्लास्टर कधी काढलं?”

“घातलं नव्हतं,” मी म्हणाले.

“म्हणजे दुखापत झालीच नव्हती.”

“झाली होती. लिगामेंटला.”

“झाली होती आणि प्लास्टर घातलं नाही? मग ती बरी झाली नसणार.”

“झाली आहे.”

“मॅडम, प्लास्टर न घालता बरी झाली म्हणजे मुळात झालीच नव्हती. आणि झाली असेल तर ही खेळू शकत नाही. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा.”

यात आमच्या बाजूनं ठरवण्यासारखं काही नव्हतं. मित्राचे डोळे भरले होते. पलीकडे बाकीच्या मुली पळायला लागल्या होत्या. मी म्हणाले, “साहेब, एक साधी परीक्षा घ्या. ज्याचा घोटा कच्चा असतो, तो डोळे मिटून त्या एका पायावर उभा राहू शकत नाही. उभी करा हिला.”

“त्यात काय मोठं?”

“बघा तरी.”

मित्रानं डोळे मिटले, डावा पाय उचलला आणि उजव्यावर उभी राहिली. राहिली ती राहिलीच. बाजूला बघे जमले. साहेबांनी घड्याळात बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, “हे कोणीही करील.”

“करून दाखवा,” नाना म्हणाले. चिडून नव्हे. फळ्यापाशी एखाद्या पोराला बोलावतात तसे.

एवढ्या लोकांत नाही म्हणणं साहेबांना शक्य नव्हतं. त्यांनी शिट्टी मागे टाकली, डोळे मिटले, एक पाय उचलला. क्षणभर सगळं ठीक होतं. मग सफारी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, दोन्ही हात पंख्यासारखे फिरले, आणि साहेब मैदान आखायला ठेवलेल्या फक्कीच्या ढिगात बसले. पांढरा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा साहेब उजवा घोटा धरून बसलेले दिसले. मित्रा अजून एका पायावरच होती. तिला कोणी डोळे उघड म्हटलं नव्हतं.

मी धावले. दाबून बघितलं. किरकोळ मुरगळ. समोरच्या रसवंतीतून बर्फ आणवला, पर्समधली जास्तीची पट्टी बांधली.

साहेब विव्हळत म्हणाले, “मॅडम, प्लास्टर लागेल का हो?”

“नाही लागणार.”

“घातलं तर बरं होईल. लोक विचारतात.”

“पोरीला खेळू देताय ना?” नानांनी विचारलं.

“खेळू द्या, खेळू द्या,” साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष घोट्यावर होतं. “पण याला काय करायचं?”

नाना त्यांच्यासमोर उकिडवे बसले. “सूज उतरली की सांगतो. सुरुवात उभ्या रेघेपासून.”

मित्रा खेळली. पहिल्या डावात जरा जपून, खुंटापाशी वेग कमी करत. दुसऱ्या डावात विसरली आणि मी तेच बघायला गेले होते. पेशंट दुखापत विसरला की माझं काम संपतं. संध्याकाळी नावं वाचली, त्यात तिचं होतं. राज्य स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. त्याचा घोट्याशी काही संबंध नव्हता, समोरचा संघ चांगला होता. मित्रा पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षिका झाली.

सरांनी प्लास्टर सोडलं नाही. पण मुरगळलेले घोटे बघून झाले की वॉर्डबॉयला सांगायचे, “रेघोट्यांना पाठव.” नाना त्यानंतरही वर्षभर आठवड्यातून दोनदा येत. पगार नव्हता, चहा होता.

नंतरच्या काळात या विषयात खूप संशोधन झालं. बर्फ किती वेळ, विश्रांती किती, पट्टी कोणती, यावरची मतं बदलली आणि बदललेली पुन्हा बदलली. लवकर हलवा, एवढं टिकलं. मी मात्र एक सवय लावून घेतली. व्यायाम सांगून झाला की आधी पेशंटचा चेहरा बघते, आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचाही. तिथे नाराजी दिसली तर खुर्ची ओढून विचारते, काय झालं. घोटा पाच मिनिटं थांबतो. त्याला कुठे जायचं नसतं.